साहेब पास, गाडी नापास

देश सोडून दुसरीकडे कायमचं राहायला निघालेला मराठी माणूस सामानाची यादी करायला बसतो, तेव्हा सुरुवात शहाण्यासारखी होते. कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं, गोडा मसाला, देवघरातला बाळकृष्ण. दुसऱ्या पानावर सासूबाईंनी दिलेला आणि आजवर खोक्यातून बाहेर न आलेला डिनर सेट येतो. आणि मग एखाद्या रात्री, घरातले सगळे झोपल्यावर, त्या यादीत हळूच गाडी शिरते.

कल्पना ज्याच्या डोक्यात येते त्याला ती अगदी व्यवहारी वाटत असते. गाडी सात वर्षांची असली तरी सर्व्हिसिंग कंपनीतच झालेलं आहे. टायर नुकतेच बदललेत. विकायला काढली तर बघायला येणारा माणूस बॉनेटवर टिचकी मारून जो भाव सांगतो, तो ऐकून संताप येतो. त्यात वडील पेपर बाजूला ठेवून विचारतात, “गाडीचं काय करतोयस?”

“विकणार, बाबा. तिकडे गेल्यावर दुसरी घेईन.”

“घे की. पण ही रनिंगमध्ये आहे.”

चालू स्थितीतली वस्तू टाकून द्यायची नाही, हा ज्या घराचा धर्म आहे, तिथे या वाक्यावर उत्तर नसतं. मुलगा मुकाट्याने लॅपटॉप उघडतो आणि गाडी परदेशी कशी न्यायची ते शोधू लागतो. इथून पुढे त्याला कळत जातं की गाडी हे सामान आहे असं फक्त मालक समजतो. सरकारच्या लेखी ती स्वतंत्र अर्जदार असते. साहेबांची पदवी, पोलिसांचा दाखला, छातीचा एक्स-रे पाहून व्हिसाचा शिक्का बसतो आणि विषय मिटतो. गाडीची चौकशी त्यानंतर सुरू होते, आणि ती जास्त कडक असते.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्यावं, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. तिथेही वाहतूक डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे. पुण्याची गाडी ब्रिस्बेनच्या रस्त्यावर उतरली तर बुजायचं कारण नाही. तिथला गाड्यांच्या मानकांचा नवा कायदा २०१८ साली झाला आणि १ जुलै २०२१पासून अमलात आला. त्यात स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी सोय ठेवलेली आहे. अट अशी की ती परदेशात किमान १२ महिने सलग अर्जदाराच्या मालकीची आणि वापरात असली पाहिजे. अर्ज ‘रोव्हर’ नावाच्या सरकारी पोर्टलवर करायचा. आधी मंजुरी, मग जहाज. हा क्रम चुकला तर गाडी तिकडच्या बंदरात पडून राहते, रोजचं भाडं चढत जातं आणि शेवटी ती परत पाठवा नाहीतर मोडीत काढा, इथपर्यंत पाळी येऊ शकते.

त्याआधी इकडचा अध्याय असतोच. आरसीवरचं बँकेचं नाव काढून घ्यायचं, आरटीओची एनओसी मिळवायची. एनओसीचा फॉर्म नंबर २८ बनवला गेला तो एमएच-१२वरून फार तर दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या माणसासाठी. खिडकीपलीकडच्या बाईंना ‘क्वीन्सलँड’ हे राज्यच आहे असं पटवून द्यायला जातो तो गृहस्थ, तेव्हा रांगेतले मागचे लोक घड्याळाकडे बघू लागतात.

पण खरी गंमत स्वच्छतेची. ऑस्ट्रेलियाला परक्या मातीची, बियांची आणि किड्यांची धास्ती आहे, आणि ती खोटी म्हणता येत नाही. शेतीवर पोट असलेलं ते बेट आहे. त्यामुळे येणारी वापरलेली गाडी आतून-बाहेरून माती, पानं, बिया, किडे, खाण्याचे कण यांपासून मुक्त हवी. आता ही अट एखाद्या मराठी कुटुंबाच्या गाडीला लावून पाहावी. वायपरखालच्या जाळीत तीन पावसाळ्यांची कडुलिंबाची पानं बसलेली. रेडिएटरच्या पुढे मुंबई-पुणे महामार्गावर हुतात्मा झालेले असंख्य कीटक. चाकांच्या वरच्या खोबणीत ताम्हिणीचा चिखल, वाळून दगड झालेला. सीटच्या रुळात कुरमुरे आणि फरसाण, बहुधा भाचरांचं. मागच्या सीटच्या फटीत गाडी घेतली त्या दिवसाच्या अक्षता. डिकीत स्टेपनीच्या खाली नारळाची शेंडी. दसऱ्याला घातलेल्या हाराची झेंडूची पाकळी एसीच्या भोकात गेलेली, आणि झेंडूच्या पाकळीच्या बुडाशी बी असतं हे आजवर कुणी मनावर घेतलेलं नाही. पुढच्या बंपरखाली लोंबणारं लिंबू-मिरची तर दृष्ट लागू नये म्हणून बांधलेलं. ब्रिस्बेनच्या बंदरात सगळ्यात आधी नजर जाणार ती त्याच्यावरच.

तपासनीस टॉर्च घेऊन येतो, मॅट उचलतो, स्टेपनी काढायला लावतो, दरवाजाच्या रबराखाली बोट फिरवतो. काही सापडलं तर गाडी पुन्हा धुवायला जाते आणि धुण्याचं बिल मालकाला येतं. कंटेनरमधून नेली तर आणखी एक पाहुणा आड येतो: खाप्रा भुंगेरा. साठवलेल्या धान्यात राहणारा हा किडा मूळचा भारतीय उपखंडातला, आणि त्याच्या धाकाने भारतासह काही देशांतून येणाऱ्या कंटेनरवर वेगळी प्रक्रिया करून घ्यावी लागते. हा नसता बाऊ आहे असं वाटत असेल, तर शेजारच्या न्यूझीलंडचं पाहावं. २०१८च्या फेब्रुवारीत जपानहून हजारो गाड्या घेऊन आलेली जहाजं तिथल्या अधिकाऱ्यांनी बंदरातून परत लावली. कारण काय, तर त्यांच्यावर घाण वास सोडणारे पिंगट किडे सापडले. गाड्यांची कागदपत्रं चोख होती. किड्यांची नव्हती.

ॲस्बेस्टॉसचं प्रकरण निराळंच. ऑस्ट्रेलियात त्यावर ३१ डिसेंबर २००३पासून पूर्ण बंदी आहे, आणि जुन्या गाड्यांचे ब्रेक पॅड, गॅस्केट यांत ते असू शकतं. ते नाही हे सिद्ध करायची जबाबदारी गाडी आणणाऱ्यावर. आपल्या गाडीच्या ब्रेकमध्ये काय आहे, हे सदाशिव पेठेतल्या मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणेल, “ओरिजिनल माल आहे साहेब, डोळे झाकून न्या.” सीमेवरच्या अधिकाऱ्याला याहून किंचित जास्त तपशील लागतो.

एवढं करून सर्वसाधारण दराने सीमाशुल्क ५ टक्के आणि जीएसटी १० टक्के. जीएसटी नुसत्या गाडीवर नाही. शुल्कावर, जहाजाच्या भाड्यावर आणि विम्यावरही. कराच्या रकमेवर कर पाहिल्यावर भारतीय माणसाला तिकडे पहिल्यांदा घरच्यासारखं वाटतं. आणि मजा म्हणजे गुरुग्रामच्या कारखान्यात बनलेली पाच दारांची जिम्नी जहाज भरभरून ऑस्ट्रेलियाला जाते, शोरूममध्ये उभी राहते आणि लोक हौसेने घेतात. तीच गाडी भारतात वर्षभर चालवून, दोन हार घालून एखादा स्वतः घेऊन गेला, की ती संशयित.

युरोपात किड्यांपेक्षा प्रेमाची चौकशी जास्त. जर्मनीत राहायला जाणाऱ्याला घरसामानाबरोबर गाडीही विनाशुल्क नेता येते, मात्र ती आधीच्या घरी किमान ६ महिने वापरलेली हवी, माणूस युरोपीय संघाबाहेर किमान १२ महिने राहिलेला हवा, आणि पोचल्यावर १२ महिने ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, उसनीही द्यायची नाही. ब्रिटनमध्ये जवळपास हाच हिशेब. स्वित्झर्लंडमध्येही आधीचे ६ महिने लागतात, आणि फॉर्म नंबर १८.४४ भरून सगळ्या सामानाची यादी जोडावी लागते. डिनर सेट खोक्यातून बाहेर काढायचा योग तेव्हा येतो. हेतू उघड आहे. शुल्क चुकवून गाड्या आणून विकणारा व्यापारी आणि आपल्या गाडीत जीव अडकलेला सामान्य माणूस यांतला फरक कारकुनाला कळणार कसा? त्याने मग महिने मोजायचं ठरवलं. ‘उसनी देऊ नये’ ही अट मात्र सरकारच्या हिताची असली तरी सोयीची मराठी माणसालाच. मेहुणा गाडी मागायला आला की जर्मन कस्टम्सचं नाव सांगून मोकळं होता येतं.

सगळ्यात गोंधळ आहे तो वयाचा.

अमेरिकेचा नियम असा की तिथल्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी कायमची आणायची, तर ती २५ वर्षांची झालेली हवी. प्रदूषणाच्या नियमांतून सुटायला २१ वर्षं पुरतात. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्या अर्थातच अमेरिकी मानकांसाठी बनलेल्या नसतात. म्हणजे न्यू जर्सीला निघालेल्या माणसाची सात वर्षांची गाडी अठरा वर्षं लवकर पोचते. कॅनडात ही मर्यादा १५ वर्षांची. निस्सानच्या स्कायलाइन आर-३४ या जपानी गाडीवर जीव टाकणारे अमेरिकी तरुण वर्षानुवर्षं सरहद्दीपलीकडच्या कॅनडातल्या लोकांना ती चालवताना बघत होते आणि दिवस मोजत होते. जानेवारी १९९९मध्ये बनलेल्या पहिल्या गाड्यांना २०२४च्या जानेवारीत पंचविशी पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळाला. हे वय वर्षाने नाही, कारखान्यातून बाहेर पडल्याच्या महिन्याने मोजतात.

या कायद्याचं मूळ पैशात आहे. १९८०च्या दशकात डॉलर वधारला आणि जर्मनीतून स्वतःच मर्सिडीज आणणं अमेरिकी माणसाला तिथल्या डीलरकडून घेण्यापेक्षा स्वस्त पडू लागलं. डीलर ओरडले, कंपनीने वॉशिंग्टनमध्ये वजन खर्च केलं आणि १९८८ साली काँग्रेसने दार लावून घेतलं. सुरक्षेचा मुद्दा होताच. तो नेहमीच हाताशी असतो.

बिल गेट्स यांनी या दारावर डोकं आपटून पाहिलं आहे. त्यांनी पोर्शची ९५९ मागवली. अमेरिकेत चालवायची परवानगी मिळण्यासाठी आधी त्या मॉडेलच्या काही गाड्या भिंतीवर आपटून दाखवायला हव्या होत्या, आणि इतक्या महागड्या गाड्या आपटायला द्यायची पोर्शची तयारी नव्हती. गेट्स यांची गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात कस्टम्सच्या ताब्यात दहा वर्षांहून अधिक काळ उभी राहिली. तेवढ्या काळात विंडोज ९५ आलं, ९८ आलं, मालक जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस झाला, पण पार्किंगमधून गाडी काही सुटेना. शेवटी १९९०च्या दशकाच्या अखेरीस दुर्मिळ गाड्यांसाठी कायद्यात एक फट करण्यात आली: ऐतिहासिक किंवा तांत्रिक महत्त्वाची गाडी ‘दाखवण्यासाठी’ आणता येईल, मात्र वर्षाला २,५०० मैलांपेक्षा जास्त चालवायची नाही. म्हणजे साधारण चार हजार किलोमीटर. आपला पुणे-नाशिक ये-जा करणारा एखादा विमा एजंट तेवढं दोन-तीन महिन्यांत करतो.

ब्रिटनमध्ये तर १० वर्षांहून जुन्या गाडीला मानकांच्या तपासणीतून सूट आहे. नवीकोरी गाडी नेली तर तपासणी, वेगमापक मैलांत दिसावा, मागचा फॉग लॅम्प मध्ये किंवा उजवीकडे असावा, ही कटकट. सिंगापूर याच्या नेमकं उलट. तिथे वापरलेली गाडी न्यायची तर ती ३ वर्षांच्या आतली हवी, आणि वर गाडी बाळगण्याचा दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या गाड्यांच्या गटात तो दीड लाख सिंगापूर डॉलरवर गेला. ही गाडीची किंमत नाही. नुसत्या परवान्याची.

आणि भारत? भारतात वापरलेली गाडी आणायची तर तिचं वय ३ वर्षांहून जास्त नसावं. अमेरिका जिला पंचवीस वर्षं थांब म्हणते, तिला भारत तिसऱ्या वाढदिवसानंतर ओळख दाखवत नाही. हौशीने गाडी घेऊन जगभर बदल्या घेत फिरणाऱ्याला एकच मार्ग उरतो: गाडी कोवळी असताना मायदेशी यायचं आणि मग पाव शतक शांत बसायचं.

परदेशातून कायमचं परतणाऱ्यांची आणखी काही पथ्यं आहेत. वापरलेली गाडी देशात उतरू शकते ती फक्त मुंबई बंदरातून. माणूस कोच्चीचा असो की गुवाहाटीचा, गाडीने मुंबईचं दर्शन घ्यायलाच हवं. वेगमापक किलोमीटरमध्ये हवा. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. तपासणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय आहे, जिच्या टेकडीवर कोथरूडकर सकाळी गुडघ्यांची तपासणी करायला जातात. आणि शुल्क? वापरलेल्या गाडीवर अनेक वर्षं मूळ सीमाशुल्कच १२५ टक्के होतं, जीएसटी त्यावर. सरकारला एक गाडी घेऊन दिली की दुसरी आपली.

या शुल्कापुढे मुंबईचं दैवतही अडलं होतं. २००२ साली सचिन तेंडुलकरने ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला मायकल शूमाकरच्या हस्ते लाल फेरारी ३६० मोडेना भेट दिली. शुल्काची रक्कम होती सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. केंद्र सरकारने ती माफ केली आणि देशात गदारोळ झाला; ज्या लोकांनी शतकांवर पेढे वाटले होते, त्यांनीच पावती मागितली. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि अखेर शुल्क फियाटने भरलं. पुढे त्या गाडीवरून ‘फेरारी की सवारी’ नावाचा सिनेमा निघाला, राजेश मापुसकर यांनी दिग्दर्शित केलेला. कस्टम्सच्या फायलीतून निघालेलं इतकं गोड काही त्याआधी बहुधा कुणी पाहिलं नसेल.

आखातातून परतणाऱ्यांचं दुखणं मात्र शुल्कापर्यंत जातच नाही. दुबई, मस्कत, दोहा इथे वाहतूक उजवीकडून आणि स्टिअरिंग डावीकडे. भारताच्या आयात नियमांत स्टिअरिंग उजवीकडेच हवं. वीस वर्षं वाळवंटात राबून घेतलेली लँड क्रूझर रत्नागिरीच्या अंगणात उभी करायचं स्वप्न एका चाकाच्या जागेवरून मोडतं. आणि इकडे पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या वर्षानुवर्षं बनून मेक्सिकोला जात आल्या आहेत. बनवायला परवानगी, बसायला नाही.

डावं-उजवं हा प्रश्न माणसाला आठवडाभरात सुटतो. चुकून वायपर लावून तो वळतो, चारदा ओशाळतो आणि शिकतो. गाडीचं तसं नसतं. भारतातल्या गाडीचा हेडलाइट रस्त्याची डावी कड जास्त उजळतो. तीच गाडी जर्मनीत उजवीकडून चालवली की तो झोत थेट समोरच्याच्या डोळ्यात. पर्यटकांना काचेवर चिकटपट्टी लावून भागवता येतं. रहिवाशाला दिवेच बदलावे लागतात. उजव्या स्टिअरिंगला जर्मनीत मनाई नाही, पण पार्किंगच्या फाटकापाशी तिकीट देणारं यंत्र डावीकडे असतं. एकट्या माणसाला तिथे पट्टा सोडून, उतरून, गाडीला वळसा घालावा लागतो, आणि मागचा जर्मन हॉर्न वाजवत नाही, नुसता बघत राहतो, ते जास्त लागतं. कधी कधी देशच बाजू बदलतात. पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा गोव्याला मात्र डावीकडेच राहू दिलं. शेजारी सगळा ब्रिटिश मुलूख, सरहद्दीवर रोज टकरा कोण मोजत बसणार?

म्यानमारने १९७० साली उलटा उद्योग केला. वाहतूक उजवीकडे नेली, आणि पुढे वापरलेल्या गाड्या आणल्या जपानमधून, उजव्या स्टिअरिंगच्या. ओव्हरटेक करायचं तर समोरून काय येतंय ते चालकाला शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं. तिथल्या प्रवासात बायकोचं ऐकणं हा वाहतुकीचा नियम ठरतो.

बहुतेक देशांनी गाडीला बदलायला लावलं. सामोआने गाडीसाठी रस्ताच बदलला. प्रशांत महासागरातला हा देश, तेव्हा वस्ती दोन लाखांच्याही आत, एके काळी जर्मनांची वसाहत, म्हणून वाहतूक उजवीकडून. त्याची लाखावर माणसं कामाधंद्यासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये. तिथे जुन्या गाड्या स्वस्त, पण स्टिअरिंग उजवीकडे. सामोआत येणाऱ्या अमेरिकी गाड्या महाग. तेव्हाचे पंतप्रधान तुइलाएपा यांनी हिशेब मांडला की आपण डावीकडून चालू लागलो, तर तिकडचे भाऊ-भाचे आपल्या गाड्या इकडे पाठवू शकतील. विरोधकांनी ‘पीपल अगेन्स्ट स्विचिंग साइड्स’ नावाची संघटना काढली, मोर्चे काढले, न्यायालयात गेले, हरले. ७ सप्टेंबर २००९ला सकाळी सहा वाजता अख्खा देश रस्त्याच्या या बाजूकडून त्या बाजूला सरकला. अपघात नकोत म्हणून दोन दिवस सुट्टी आणि तीन दिवस दारूबंदी. पहिला दिवस शांततेत पार पडला. लोक सुट्टीच्या कपड्यांत रस्त्याच्या कडेला उभे राहून कोण चुकतंय ते बघत होते.

रागावले ते बसवाले. त्यांच्या बसची दारं उजवीकडे होती आणि आता ती भर रस्त्यात उघडू लागली. दारं कापून दुसऱ्या बाजूला बसवायची, तर त्याचा खर्च कोण देणार, असं ते सरकारला विचारत होते.